२४ पीसींचं ऑफिस नव्या डोमेनवर न्यायचंय, क्रम कसा ठेवावा?

वाळूजकर
वाळूज एमआयडीसीत ऑफिस आणि शॉप (कारखाना) मिळून २४ पीसी आहेत. डोमेन कंट्रोलर (सगळ्या पीसींची खाती आणि लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) एकच, सर्व्हर २०१२ आर२ वर. त्यावरच फाइल शेअर, डीएचसीपी (पीसींना आयपी पत्ते वाटणारी सेवा) आणि टॅलीचा डेटा. डोमेनच्या नावात फर्मचं जुनं नाव आणि शेवटी 'डॉट लोकल'. फर्मचं नाव बदललंय, त्यामुळे सर्व्हर २०२२ वर नवं डोमेन उभं करायचंय. १९ पीसींवर विंडोज ११ प्रो, २ वर होम, आणि शॉपमधले ३ विंडोज ७, सीएनसी यंत्रांचे प्रोग्राम उतरवायला. नाव काय ठेवावं? एडीएमटी (खाती आणि पीसी एका डोमेनमधून दुसऱ्यात हलवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) वापरावं का? एका रविवारी सगळं उरकेल का?

गोदाकाठ
आधी नाव, कारण ते चुकलं तर पुन्हा हाच खटाटोप. 'डॉट लोकल' नको. ते मल्टिकास्ट डीएनएससाठी (नेटवर्कमधली यंत्रं एकमेकांना नावाने शोधतात ती पद्धत) राखीव आहे, मॅक आणि काही प्रिंटर त्यात गोंधळतात. फर्मचं वेबसाइटचं विकत घेतलेलं नाव असेल तर त्याच्यापुढे 'एडी' (अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे डोमेनची नोंदवही) लावून उपडोमेन करा. वेबसाइटचंच नाव जसंच्या तसं देऊ नका, नाहीतर ऑफिसात ते नाव टाकलं की ब्राउझर डोमेन कंट्रोलरकडे जाईल आणि स्वतःचीच साइट उघडणार नाही. नेटबायोसचं छोटं नाव १५ अक्षरांच्या आत आणि जुन्यापेक्षा वेगळं. भागीदाराचं किंवा गावाचं नाव त्यात घालू नका. २०२३ मध्ये आपल्या शहराचंच नाव बदललं, पण डोमेनचं नाव मागाहून बदलायचं म्हणजे प्रत्येक पीसी दोनदा रीस्टार्ट.

२४ पीसींसाठी एडीएमटी नको. त्याला दोन्ही डोमेनमध्ये ट्रस्ट (एकमेकांची खाती मानायची जोडणी) लागतो, एसक्यूएल डेटाबेस लागतो, फायरवॉलमध्ये वाटा उघडाव्या लागतात. मांडणीतच वेळ जाईल. हाताने जॉइन करा आणि प्रोफाइल (माणसाचा डेस्कटॉप, फाइली, सेटिंग) हलवायला फोरेन्सिटचं यूजर प्रोफाइल विझर्ड वापरा.

एका रविवारी करू नका. दोन्ही डोमेन शेजारी शेजारी चालू ठेवा आणि रोज संध्याकाळी ४-५ पीसी न्या. दर महिन्याला रिटर्न भरत असाल तर ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी असतं. म्हणून लेखा विभागाचे पीसी २१ नंतरच घ्या, आणि तेही सगळ्यात शेवटी.

बालाघाट
सर्व्हर उभा करणं सोपं असतं, काम अडतं ते पीसीवर. जुन्या डोमेनमधून पीसी बाहेर काढला की त्या डोमेनच्या खात्याने लॉगिन होत नाही, मशीनने साठवलेलं जुनं लॉगिनही चालत नाही. विंडोजचं मूळचं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं बंद असतं. म्हणजे लोकल अ‍ॅडमिन नसेल तर तुम्ही दाराबाहेर. प्रत्येक पीसीवर आधी लोकल खातं करा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स गटात टाका आणि त्या खात्याने एकदा खरंच लॉगिन करून बघा. लॉगिन करताना नावाआधी टिंब आणि उलटा स्लॅश. पासवर्ड कागदावर लिहून कपाटात.

प्रोफाइलची गोष्ट अशी. नव्या डोमेनमधल्या खात्याचा एसआयडी (विंडोजने दिलेला अंतर्गत ओळखक्रमांक) वेगळा असतो, नाव तेच असलं तरी. थेट लॉगिन केलं तर विंडोज कोरं प्रोफाइल बनवतं, यूजर्समध्ये नावापुढे डोमेन जोडलेला दुसरा फोल्डर दिसतो, आणि माणूस म्हणतो माझ्या फाइली गेल्या. गेलेल्या नसतात, जुन्या फोल्डरात असतात. विझर्ड तोच जुना फोल्डर नव्या एसआयडीला बांधून देतं. पण क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड आणि विंडोजच्या साठ्यातल्या खासगी कळा जुन्या खात्याला बांधलेल्या असतात, त्या उघडतीलच असं नाही. आदल्या दिवशी पासवर्ड एक्सपोर्ट करून घ्या, काम झालं की ती फाइल पुसून टाका. आउटलुक मेलचा पासवर्ड पुन्हा मागू शकतं. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधी बाहेर काढा, ती फक्त जुन्या एडीत पडलेली असू शकते.

विझर्ड चालू असताना लाइट गेली तर परवानग्या अर्धवट बसतात. त्या पीसीचा यूपीएस धरतोय का ते आधी तपासा. स्विचही यूपीएसवर घ्या. सर्व्हर बॅकअपवर आणि स्विच थेट लाइनवर, असं फार ठिकाणी असतं.

वाळूजकर
हे क्रमाने लिहून घेतलं. डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) आणि डीएचसीपी मधल्या काळात कसं ठेवायचं? आणि टॅली?

गोदाकाठ
दोन्ही डोमेन कंट्रोलरवर एकमेकांच्या झोनसाठी (डोमेनच्या नावांच्या यादीसाठी) कंडिशनल फॉरवर्डर टाका, म्हणजे त्या नावांची चौकशी दुसऱ्या सर्व्हरकडे जाते. मग पीसीने कुठल्याही एकाला विचारलं तरी दोन्ही नावं सापडतात. डीएचसीपीची मुदत विंडोजमध्ये मुळात ८ दिवसांची असते, ती आठवडाभर आधीच १ तासावर आणा. शिफ्ट करताना डीएचसीपीच्या पर्याय ६ मध्ये (डीएनएसचा पत्ता) फक्त डोमेन कंट्रोलरचा आयपी. दुसऱ्या जागी ८.८.८.८ टाकू नका. पहिल्याने उत्तर द्यायला उशीर केला की पीसी दुसऱ्याकडे जातो, आणि गूगलला तुमचं आतलं डोमेन माहीत नाही. 'डोमेन कंट्रोलरशी संपर्क झाला नाही' असं आलं की आधी पीसीवर डीएनएस कुठला लागलाय ते बघा. नवा डीएचसीपी एडीत ऑथराइज करावा लागतो, त्याशिवाय आयपी वाटत नाही. आणि इंटरनेटच्या राउटरमधला डीएचसीपी बंद आहे ना, याची खात्री करा.

पीसी जॉइन करताना डोमेन अ‍ॅडमिनचं किंवा अधिकार दिलेलं खातं वापरा. साध्या यूजरला मुळात १० च पीसी जोडता येतात, ११ वा नाकारला जातो आणि कारण चटकन लक्षात येत नाही. घड्याळात ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक असेल तर केर्बेरॉस (डोमेनची लॉगिन तपासणी) लॉगिन देत नाही. जुन्या पीसीचा सीआर २०३२ सेल मेलेला असला की लाइट जाऊन आल्यावर तारीखच मागे जाते. १०-१२ सेल आणून ठेवा.

बालाघाट
टॅली डोमेन कंट्रोलरवर ठेवू नका. सर्व्हर २०२२ स्टँडर्डच्या एका लायसन्सवर, प्रोसेसरचे सगळे कोर मोजलेले असतील तर, दोन व्हर्च्युअल मशीन चालतात: एकात डोमेन कंट्रोलर, दुसऱ्यात फाइल आणि टॅली. यूजरची सीएएल (सर्व्हर वापरायचा परवाना) वेगळी घ्यावी लागते, कोटेशनमध्ये बघा. टॅलीचं लायसन्स जुन्या सर्व्हरवर सरेंडर करून मग नव्यावर अ‍ॅक्टिव्हेट करा. क्लायंटवर लायसन्स सर्व्हरचं नाव आणि ९९९९ पोर्ट बदलून घ्या. डेटाला ग्रुप पॉलिसीतून (डोमेनमधून सगळ्या पीसींना लागू होणारी सेटिंग) तेच ड्राइव्हचं अक्षर द्या, म्हणजे कंपनीचा पाथ तसाच राहतो.

कॉपीला रोबोकॉपी (विंडोजची कॉपीची कमांड), पण रीट्राय १ आणि वेट १ द्या. मुळात तो अडलेल्या फाइलवर १० लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून, प्रयत्न करतो. एक उघडी एक्सेल रात्रभर अडवून धरते. दिवसा एक फेरी, रात्री सगळ्यांची टॅली बंद करून दुसरी. मिररमध्ये (मुक्काम हुबेहूब स्रोतासारखा करणारा पर्याय) स्रोत आणि मुक्काम उलटे पडले तर चालू डेटा पुसला जातो, म्हणून एंटर दाबण्याआधी ओळ दोनदा वाचा. परवानग्या कॉपी करू नका, जुने एसआयडी नव्या सर्व्हरवर निरर्थक आकडे दिसतात. लेखा, स्टोअर, डिझाइन असे गट करून नव्याने द्या.

पूर्णाकाठ
होमवाले २ पीसी डोमेनला जोडताच येत नाहीत, आधी प्रोची की घ्या. विंडोज ७ चे ३ पीसी डोमेनबाहेर वर्कग्रुपमध्ये, वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा) ठेवा. त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० ला संपला. त्यांच्यासाठी नव्या सर्व्हरवर एसएमबी १ (फाइल शेअरची जुनी पद्धत) चालू करावा लागेल.

गोदाकाठ
बाकी पटलं, पण एसएमबी १ नाही. विंडोज ७ एसएमबी २.१ बोलतं, १ फक्त एक्सपी आणि जुन्या सीएनसी कंट्रोलरना लागतो. प्रोग्रामसाठी एकच फोल्डर द्या, त्या पीसींना फक्त वाचायची परवानगी. एखादा जुना कंट्रोलर थेट सर्व्हरवरून प्रोग्राम घेत असेल तर त्याची सोय शॉपमधल्या पीसीवर करा, सर्व्हरला त्यात ओढू नका. अशीच अडचण झेरॉक्स मशीनच्या 'स्कॅन टू फोल्डर'ची. त्यात जुन्या डोमेनचं खातं भरलेलं असतं, ते बदला. मशीन फार जुनं असेल तर स्कॅन ईमेलवर वळवा.

वाळूजकर
पटलं. शेवटचा पीसी गेला की जुना सर्व्हर लगेच काढायचा का?

बालाघाट
लगेच नको. पूर्ण बॅकअप घ्या, मग फक्त बंद करा आणि महिनाभर तसाच ठेवा, म्हणजे जीएसटीचं एक चक्र आणि पगार त्यात येतील. हजेरीच्या बायोमेट्रिकचं सॉफ्टवेअर, रात्रीचा बॅकअप, शेड्यूल केलेली कामं यांत जुन्या सर्व्हरचं नाव कुठेतरी दडलेलं असतं, ते याच काळात वर येतं. नव्याचा सिस्टम स्टेट बॅकअप (डोमेनची खाती आणि सर्व्हरची सेटिंग) मात्र पहिल्या दिवसापासून, दोन यूएसबी डिस्कवर आलटून पालटून, एक नेहमी ऑफिसाबाहेर.