मदत हवी आहे: कॉलेजमध्ये क्विअर विषयावर मराठीतून सत्र घ्यायचंय

नमस्कार मंडळी. मी मध्य मुंबईतल्या एका कॉलेजात शिकवते. मुलं बहुतेक कल्याण-विरारकडून लोकलने येणारी, घरी मराठी बोलणारी. समलिंगी आणि ट्रान्स विद्यार्थ्यांबद्दल एक सत्र घ्यावं म्हणून अर्ज दिला, तर वरून उत्तर आलं, "पालक काय म्हणतील? विषय जरा सौम्य करा." सौम्य म्हणजे नेमका कसा, हे कुणी सांगेना.

कायद्याचा भाग मी जुळवलाय. २०१८ चा कलम ३७७ वरचा निकाल आहे, ज्याने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. यूजीसीने २०१६ मध्येच रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कल आणि ट्रान्सजेंडर ओळख घातली आहे. २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्यानुसार प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायला हवा. आमच्याकडे तो नाही. विचारलं तर ऑफिसात एकमेकांकडे बघतात!

खरी अडचण वेगळीच आहे. एका ट्रान्स विद्यार्थिनीच्या आयकार्डावर अजून जुनं नाव, जुना फोटो. गेटवर वॉचमन कार्ड उलटसुलट करत मोठ्याने नाव वाचतो, मागे रांग हसते. परवापासून ती पहिलं लेक्चर बुडवतेय.

तर विचारायचं होतं:

मराठीत, मुलांच्या भाषेत बोलणारं कुणी माहीत आहे का? हमसफर ट्रस्ट या मुंबईतल्या एलजीबीटी लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे विचारणार आहेच, पण कॉलेजात बोलायचा अनुभव असलेलं कुणी असेल तर उत्तम.

आणि विद्यापीठाच्या नोंदीत नाव बदलण्याआधी कॉलेजने आपल्या पातळीवर नवं आयकार्ड दिल्याचं उदाहरण कुणाकडे आहे? अर्जाचा नमुना मिळाला तर फार बरं. मुलीचं नाव कृपया विचारू नका.