तुर्की मालिका बघणाऱ्या मुस्लिम बायका खरंच भारावून जातात का?

खाडीपलीकडची
परवा एकांनी लिहिलं, ‘मुस्लिम बायका तुर्की मालिका बघतात आणि पडद्यावरचं सगळं इस्लाम म्हणून गिळतात.’ वाचून डोकं उठलं. 2008 साली मी कुवेतला होते. एमबीसी या अरबी वाहिनीवर ‘नूर’ ही तुर्की मालिका लागायची, सीरियन अरबीत डब केलेली. इमारतीतल्या आम्ही सगळ्या एकत्र बघायचो. जेवणाच्या टेबलावर दारू आली की शेजारची इजिप्शियन खाला म्हणायची, ‘हराम!’ पण मालिकेचा नायक मोहन्नद बायकोच्या कामात तिच्या पाठीशी उभा राहिला की तीच सांगायची, ‘पैगंबरसाहेबांच्या पत्नी बीबी खदीजा व्यापार करायच्या, ते स्वतः घरकामाला हात लावायचे. आपले नवरे हे कुठे शिकले नाहीत?’ त्याच वर्षी सौदीच्या मुफ्तींनी असल्या मालिका बघणं नाजायज ठरवलं. खालाने एकही भाग चुकवला नाही. नमाजही नाही.

सडेतोड
एका इमारतीवरून निष्कर्ष? 2020 च्या रमजानात पाकिस्तानच्या सरकारी वाहिनीने, पीटीव्हीने, ‘एर्तुग्रुल’ ही तुर्की मालिका उर्दूत दाखवली. त्यातली नायिका हलीमे झालेल्या नटीवर, एसरा बिल्गिचवर, इन्स्टाग्रामला कपड्यांवरून पाकिस्तानी प्रेक्षक तुटून पडले. नटी आणि पात्र यांत फरक कळत नसेल तर अर्थ कसला लावणार? आणि तुमची मातृभाषाच उर्दू, तुम्हाला ते आपलं वाटणारच.

खाडीपलीकडची
उर्दू कुणी सांगितली? माझं माहेर दापोलीकडचं. घरात आमची कोकणी, शाळा मराठी. मुंबईत घर बघायला गेले, नाव ऐकताच मालक हिंदीत सुरू. मी मराठीत बोलतेय, ते हिंदीतच! वीस वर्षं हेच चाललंय. ‘एर्तुग्रुल’चं उर्दू माझ्या आईला निम्मं कळत नव्हतं, माझी मुलगी तिला मराठीत सांगायची.

सोलापूरची
ताई, उर्दू म्हटल्यावर एवढं अंगावर का येता? आमच्या घरी दखनी, म्हणजे इकडची उर्दू, बोलतात, आम्ही काय कमी महाराष्ट्रातल्या?

खाडीपलीकडची
कमी कुठे म्हटलं? माझी भाषा दुसऱ्याने ठरवू नये, एवढंच.

सोलापूरची
मग तसं म्हणा. ‘उर्दू कुणी सांगितली’ हे आम्हाला लागतं. शाळेत आम्हालाही ‘तुमचं मराठी चांगलं आहे हं’ ऐकवलंय.

सडेतोड
भाषेचं माझं चुकलं, मागे घेतो. बिल्गिचबद्दल मात्र उत्तर आलेलं नाही.

खाडीपलीकडची
तिला बोलणारे चुकलेच. पण ते म्हणजे आम्ही सगळ्या नव्हे. माझी आई पडद्यावर दुवा सुरू झाली की ओढणी डोक्यावर घेऊन ‘आमीन’ म्हणायची. पुढच्याच दृश्यात मुंडकं उडालं की म्हणायची, ‘हा दीन (धर्म) नाय, ही लढाई. आवाज कमी कर.’