मदत हवी आहे: रोमन नाणं अँटिओकचं की अलेक्झांड्रियाचं?

नमस्कार मंडळी. रोमन सम्राट दुसऱ्या कॉन्स्टँशियसचं एक छोटं ब्राँझ नाणं ओळखायचं आहे. व्यास 15 मिमी, वजन 1.5 ग्रॅम. मागे दोन सैनिक आणि मध्ये एकच ध्वज, म्हणजे साधारण इ.स. 335 नंतरचं. खाली टाकसाळीच्या खुणेत 'एसएमए' स्पष्ट आहे, पण पुढचं अक्षर झिजलंय: 'एन' असेल तर अँटिओक, 'एल' असेल तर अलेक्झांड्रिया. पुढच्या बाजूला नावानंतरची पदवीही गेली आहे. खरी अडचण तीच. सीझर (कनिष्ठ सम्राट) असेल तर आरआयसीचा, म्हणजे 'रोमन इम्पीरियल कॉइनेज' या रोमन नाण्यांच्या सूचीचा, खंड 7 पाहायचा, 337 च्या सप्टेंबरनंतरचा ऑगस्टस (मुख्य सम्राट) असेल तर खंड 8.

अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या 'ओसीआरई' या रोमन नाण्यांच्या ऑनलाइन सूचीवर राजा, टाकसाळ आणि मागचा लेख (नाण्यावर कोरलेली अक्षरं) लावून शोधलं. वर्णनं उत्तम आहेत, पण मला हव्या त्या नोंदींना फोटो कमी. वाइल्डविंड्स आणि एसीसर्च या नाण्यांच्या संकेतस्थळांवरचे लिलावाचे फोटोही चाळले.

नाणं पावतीसह घेतलेलं आहे. रसायनाने साफ करणार नाही, पॅटिना (धातूवर काळाने चढलेला थर) सुंदर आहे. आरआयसीचे छापील खंड परवडत नाहीत.

लेख वाचता येत नसताना चेहऱ्याची घडण, डोक्यावरचा पट्टा आणि सैनिकांची ठेवण यांवरून या दोन टाकसाळी वेगळ्या ओळखता येतात का? आणि त्यासाठी मोठे, स्पष्ट फोटो असलेला मोफत ऑनलाइन संग्रह कोणता?