मदत हवी आहे: विंडोज आणि लिनक्स, दोन्हींवर आवाजात चरचर

खानापूर तालुक्यातील आमच्या भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण मी एकाच लॅपटॉपवर, विंडोज व लिनक्स अशा दोन्ही प्रणालींत, यूएसबी ऑडिओ इंटरफेस (आवाज संगणकात नेणारे व बाहेर आणणारे उपकरण) जोडून करतो. सॅम्पल रेट (दर सेकंदाला घेतलेले आवाजाचे नमुने) 48,000 हर्ट्झ आणि बफर (एका वेळी हाताळला जाणारा नमुन्यांचा गट) 256 सॅम्पल, म्हणजे सुमारे 5.3 मिलिसेकंद, ठेवला असता दर दोन-तीन मिनिटांनी फुटाणा तडकावा तसा आवाज येतो. विंडोजमध्ये तो मुद्रित फाइलमध्येही उतरतो. लिनक्समध्ये मात्र फक्त ऐकताना येतो आणि त्याच क्षणी जॅक या ऑडिओ सर्व्हरच्या नोंदीत एक्सरनचा (बफर वेळेत हाताळला न गेल्याचा) आकडा वाढतो.

केबल बदलली, यूएसबी हब काढला, विंडोजमधील असिओ (कमी विलंबाचा ऑडिओ) ड्रायव्हर नव्याने बसवला, लिनक्समध्ये सीपीयू गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी सोय) ‘परफॉर्मन्स’वर ठेवला. वाय-फाय बंद केल्यावर विंडोजमधील त्रास निम्म्यावर आला, लिनक्समध्ये काहीच फरक पडला नाही. वीज गेल्यावर (ती आमच्याकडे जातेच) बॅटरीवरही तेच घडते, त्यामुळे अर्थिंगचा दोष वाटत नाही. बफर 1,024 केल्यास चरचर थांबते, पण कीबोर्डवर दाबलेली पेटीची पट्टी इतकी उशिरा वाजते की टाळकऱ्यांची लय सुटते; पेटीचा आवाज संगणकातूनच निघत असल्याने डायरेक्ट मॉनिटरिंगचा (संगणक टाळून इंटरफेसमधूनच थेट ऐकण्याचा) येथे उपयोग नाही. नवा इंटरफेस घेणे सध्या शक्य नाही.

दोष दोन्हींकडे दिसतो म्हणून तो यूएसबी कंट्रोलरचाच समजावा, की दोन वेगळी कारणे धरून विंडोजमध्ये डीपीसी लेटन्सी (ड्रायव्हरांच्या कामामुळे होणारा विलंब) व लिनक्समध्ये इंटरप्टची (उपकरणांकडून प्रोसेसरला येणाऱ्या सूचनांची) वाटणी स्वतंत्रपणे तपासावी, आणि सुरुवात कशापासून करावी?