‘केऑटिक’ कक्षांना मराठीत काय म्हणावं?

कासारघाट: ग्रहांच्या कक्षांवरचा एक लेख मराठीत करतेय. ‘आतल्या चार ग्रहांच्या कक्षा केऑटिक आहेत’ इथे मी ‘अनागोंदी’ वापरलं, तपासणाऱ्यांनी खोडून ‘अराजक’ केलं. मला दोन्ही खटकतंय. पंचांगात ग्रहणाच्या वेळा मिनिटासकट येतात, तिथे अराजक कसलं?

तिसरा_ग्रह: दोन्ही नकोत. अराजकात नियमच नसतो. इथे गुरुत्वाकर्षणाचे नियम चोख चाललेले असतात, फासे कुणी टाकत नाही. भानगड आहे ती सुरुवातीच्या मापाची. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाक लास्कर यांनी १९८९ मध्ये हिशेब मांडला: पृथ्वीची आजची जागा सांगताना १५ मीटर चुकलात, तर १ कोटी वर्षांनी ती चूक होते १५० मीटर. किरकोळ वाटते ना? पण दर कोटी वर्षांनी ती दहापट होत जाते. १० कोटी वर्षांनी १५ कोटी किलोमीटर, म्हणजे पृथ्वी ते सूर्य एवढी! मग पृथ्वी कक्षेत नेमकी कुठे असेल हे विचारूच नये. माझं मत ‘बेभरवशी’ला.

बोरूबहाद्दर: भरवशाच्या म्हशीला टोणगा, तोही १० कोटी वर्षांनी :)

मुळाक्षर: ‘अनागोंदी’ला इतक्यात हाकलू नका. आजोबा सांगायचे, हा शब्द हंपीजवळच्या आनेगुंदीवरून आला. विजयनगर बुडालं, तरी तिथला राजा सत्ता नसताना सनदा वाटतच राहिला.

तिसरा_ग्रह: व्युत्पत्ती झकास, पण ग्रहांकडे सत्ता आहे आणि हुकूमही पाळला जातोय. उलटा मामला.

बोरूबहाद्दर: ‘केऑटिक’ ज्यावरून आला तो ग्रीकांचा ‘खाओस’ म्हणजे मुळात आ वासलेली पोकळी. गणितवाल्यांनी १९७५ च्या सुमारास त्याला हवा तसा वाकवला. त्याआधी फ्रेंच गणिती पोंकारेला एकमेकांना ओढणाऱ्या तीन पिंडांच्या गणितात हाच प्रकार दिसला होता, हा शब्द हाताशी नसताना. त्याचं काही अडलं नाही. सरळ ‘केऑस’ लिहा, टेबल आणि पेन पचवलेच की आपण.

मुळाक्षर: पेन पचलं, पण लेखणी गेली त्याचं काय? असंच एकेक सोडत गेलो तर उरणार काय, क्रियापदं?

कासारघाट: शब्दाचं राहू द्या, पुढचा परिच्छेद बघा. लास्कर आणि त्यांचे सहकारी गास्तिनो यांनी २००९ मध्ये सूर्यमाला २५०१ वेळा संगणकावर ५०० कोटी वर्षं पुढे चालवली. दरवेळी सुरुवातीला फरक फक्त बुधाच्या कक्षेत, तोही ०.३८ मिलिमीटरच्या टप्प्यांनी. सुमारे १ टक्का वेळा बुधाची कक्षा इतकी लांबट झाली की तो शुक्रावर किंवा सूर्यावर आदळू शकेल. याला ‘भाकित’ म्हणू का? वाचक राशिभविष्य समजतील.

मुळाक्षर: आधी ‘भाकीत’, दीर्घ. ‘भाकिताला’ मध्ये ऱ्हस्व होतो.

बोरूबहाद्दर: हे नियम कुणी विचारले? आणि ‘भाकीत’ भाकणुकीतलंच ना?

मुळाक्षर: हे सगळं मागच्या धाग्यात ठरलंय.

तिसरा_ग्रह: मागच्या धाग्यात काहीही ठरलेलं नाही. आणि १ टक्क्याला भाकीत नाही, शक्यता म्हणतात.