मामांच्या जुन्या स्लाइड्स: फिल्म ओळखायची कशी, स्कॅन कशावर करायच्या?

सांजवारा:
नमस्कार मंडळी, चिपळूणला मामांच्या माळ्यावर रंगीत स्लाइड्सचे (प्रोजेक्टरवर दाखवायच्या, चौकटीतल्या फिल्मच्या तुकड्यांचे) डबे सापडलेत. मामा सत्तरच्या दशकात अमेरिकेत होते, तेव्हाच्या आणि परत आल्यावर इथे काढलेल्या सगळ्या एकत्र झाल्यात. काहींना पुठ्ठ्याची चौकट, काहींना प्लॅस्टिकची. पुठ्ठ्यावाल्यांत मामीची हिरवी साडी अजून कोरी करकरीत दिसतेय पण प्लॅस्टिकवाल्या बऱ्याच लालसर पडल्यात आणि काहींवर जाळ्यासारखी बुरशी आहे. घरच्या साध्या स्कॅनरवर ठेवल्या तर नुसतं काळं येतं. काय करू?

अंधारखोली:
काळं येणारच, स्लाइडमधून उजेड आरपार जायला हवा, साधा स्कॅनर वरून परावर्तित झालेला उजेड वाचतो. झाकणात दिवा असलेला एप्सन व्ही६०० किंवा प्लसटेकचा फिल्म स्कॅनर बघा. पण आधी फिल्म ओळखा. पुठ्ठ्यावर कोडाक्रोम (कोडॅकची स्लाइड फिल्म) छापलंय का? बऱ्याचदा महिना आणि साल पण असतं, ते फिल्म धुतल्याचं (डेव्हलप केल्याचं) असतं, फोटो काढल्याचं नाही, हे लक्षात ठेवा. स्लाइड उजेडात तिरकी धरा, कमी चकचकीत बाजूला चित्राचा उठाव दिसला तर बहुतेक कोडाक्रोमच. ती अंधारात ठेवली तर रंग फार टिकतात. तिचं धुणं २०१० च्या शेवटी कायमचं थांबलं, त्यामुळे आता जे आहे ते जपाच. आणि कोडाक्रोमला स्कॅनरचं इन्फ्रारेड धूळ काढणं (अदृश्य किरणांनी धूळ ओळखून ती चित्रातून पुसणारी सोय) बंद ठेवा, काळ्या कडांच्या आसपास चित्रच खरवडल्यासारखं होतं.

घाटवाट:
बुरशीला पाणी अजिबात लावू नका प्लीज!! बुरशी जिलेटिन (फिल्मवरचा, चित्र धरून ठेवणारा थर) खाते, मग ते पाण्यात विरघळतं आणि चित्रच निघून येतं. आधी ब्लोअर मारा, बुरशीवाल्या वेगळ्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा म्हणजे बाकीच्यांना लागण नको, आणि त्याच आधी स्कॅन करा.

सांजवारा:
खूप आभार. पुठ्ठ्यावर कोडाक्रोमच आहे, जुलै ७२ छापलंय! प्लॅस्टिकवाल्यांवर काहीच नाही, एकीची चौकट उघडली तर फिल्मच्या कडेला ऑरवो दिसलं.

अंधारखोली:
म्हणजे पूर्व जर्मनीच्या वोल्फेनची फिल्म, तेव्हा आपल्याकडे ती बरीच मिळायची. लालसरपणा म्हणजे निळसर-हिरवं (सायन) रंगद्रव्य उडालंय, बाकीची टिकलीत. म्हणून १६ बिट टिफमध्ये (रंगांच्या जास्त छटा साठवणारा फाइलचा प्रकार) स्कॅन करा, लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळे ताणले (प्रत्येकाचा फिका-गडद फरक वाढवला) की बराच रंग परत येतो, जेपेगमध्ये ताणलं की आकाशात पट्टे पडतात. रेझोल्यूशन म्हणाल तर चित्र २४ बाय ३६ मिलिमीटरचं, ४००० डीपीआयला (एका इंचात ४००० ठिपके) साधारण २१ मेगापिक्सेल होतात. फ्लॅटबेडवर (व्ही६०० सारख्या सपाट काचेच्या स्कॅनरवर) लिहिलेला आकडा मोठा असला तरी खरा तपशील त्याहून बराच कमी मिळतो, २४०० पुरे. आणि मामा-मामी आहेत तोवर त्यांच्याशेजारी बसून कोण कुठे हे फाइलच्या नावातच लिहून घ्या, स्कॅनिंग पुढच्या महिन्यात पण होईल.