निरीक्षण मनोरा: शेंड्यांच्या वर जायचंच कशाला?

अर्धीवाट
निसर्ग दाखवायचा म्हणून मनोरा बांधतात. माणसं मान खाली घालून पायऱ्या मोजत, धापा टाकत वर जातात, पाच मिनिटं फोटो काढतात आणि उतरतात. मधलं अख्खं झाड त्यांच्या लेखी नुसता जिना.

माझ्या मते मनोऱ्याचा आराखडा मधल्या थांब्यांपासून आखायला घ्यावा, वरच्या गच्चीचं नंतर बघू. जमिनीपाशी शेवाळ आणि वाळवी, जरा वर ढोल्या आणि बांडगुळं, शेंड्यात फुलं-फळं आणि त्यांच्यामागे येणारे पक्षी. दाट उष्णकटिबंधीय जंगलात जमिनीपर्यंत जेमतेम एक-दोन टक्के ऊन पोचतं, म्हणजे बरीचशी धामधूम वरच्या मजल्यांवर चालते आणि आपण तिथून पळत पुढे जातो. डेन्मार्कमध्ये २०१९ साली खुला झालेला कॅम्प ॲडव्हेंचरचा मनोरा बघा. ४५ मीटर उंच, वर नेणारी चक्राकार चढती वाट, आकार डमरूसारखा. कंबर आवळलेली आणि माथा रुंद असल्यामुळे वरची वाट शेंड्यांच्या जवळून जाते. जर्मनीत नॉयशोनाऊला (२००९, ४४ मीटर) तर मोठी झाडं मनोऱ्याच्या पोटातच घेतली आहेत, त्यांच्याभोवती फिरत वर जायचं. हे दोन्ही मनोरे शेवटी शेंड्यांच्या वर डोकं काढतातच. मी बांधला तर शेंड्यांच्या बरोबरीने थांबवेन.

घारीची नजर
शेंड्यांशी थांबवलात तर पानंच बघत बसायची की! अहो, जंगलात उभं राहिलं की ते अमर्याद वाटतं. वर गेल्यावर कळतं की ते कुठे संपतं, त्याला कुठून रस्ता कापत गेलाय, नदी कशी वळते. हे कळणं म्हणजे निसर्गाशी नातं नाही का?

आणि जिथे झाडच नाही तिथे तुमचा शेंडा कुठला? डेन्मार्कच्याच वॅडन समुद्राकाठी २०२१ मध्ये मार्स्क मनोरा झाला. २५ मीटर, १४६ पायऱ्या, भोवती सपाट खारी माळरानं. जमिनीवरून तिथे गवताची एक रेघ दिसते, भरती-ओहोटीचा पसारा समजायला उंचीच लागते.

अर्धीवाट
सपाट जागेपुरतं मान्य, तिथे उंची हवीच. मी जंगलाबद्दल बोलतोय.

नटबोल्ट
दोघेही उंचीवर भांडताय, पायाखाली काय आहे ते कुणी बोलतच नाही.

एका मनोऱ्यावर आईला घेऊन गेलो होतो. पायऱ्या लोखंडी जाळीच्या, आरपार दिसणाऱ्या. आराखडा करणाऱ्याला वाटलं असणार की पायाखालचं जंगल दिसेल, काय मजा येईल. तिसऱ्या वळणावर आईने दोन्ही हातांनी कठडा पकडला आणि डोळे मिटले. मागे रांग, पुढे रांग. तिला एकेक पायरी खाली उतरवताना तिची नजर माझ्या शर्टाच्या बटणावरून हलली नाही. घरी आल्यावर विचारलं, झाडं कशी होती? म्हणाली, कुठली झाडं?

शिवाय जाळीचा खणखणाट. वीस माणसं बूट आपटत चढली की पक्षी आधीच पसार.

दुसरं, डोलणं. माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो. बांधकामाची स्वतःची लय त्या ठेक्याच्या, किंवा आडव्या डोलण्यात त्याच्या निम्म्याच्या, जवळपास आली की ते झुलायला लागतं. लंडनचा मिलेनियम पूल २००० साली उघडल्यावर दोन दिवसांत बंद करावा लागला तो अशाच आडव्या डोलण्यामुळे. किडकिडीत मनोरा कागदावर सुंदर दिसतो, पण वर गेलेल्या माणसाचं लक्ष पक्ष्याकडे राहत नाही, पोटातल्या गोळ्याकडे जातं. आणि अर्धीवाट, तुमचे थांबे म्हणजे जादा रुंदी, जादा वजन, वाऱ्याला जादा छाती. फुकट मिळत नाहीत.

चाकांवरून
मी चाकाच्या खुर्चीत असतो. थांबे हवेत की नकोत ही चर्चा मला गमतीची वाटते, कारण माझ्यासाठी ते असतातच. चढ एकास बारा धरा. ४५ मीटर चढायला ५४० मीटर वाट लागते, मधल्या सपाट टप्प्यांची लांबी वेगळी. ढकलणाऱ्याला दम लागतो, आम्ही थांबतो, आणि तेवढ्यात खोडावर काहीतरी सरकताना दिसतं.

लिफ्ट दिली की माझी सोय केली असं सगळ्यांना वाटतं. पण लिफ्टमध्ये मला मधलं जंगल म्हणजे पत्र्याची भिंत! वर गेल्यावर आणखी एक गंमत. कठड्याची जाड आडवी पट्टी नेमकी माझ्या डोळ्यांच्या रेषेत. उभ्या माणसाने उभ्या माणसासाठी केलेला आराखडा.

लपणकर
मनोराच नको. जमिनीवर चार माणसांचं लपण बांधा, गवताने शाकारा, तासभर गप्प बसा. जे दिसेल ते कुठल्याही गच्चीवरून दिसणार नाही. गर्दीला उंचावर चढवलं की मालक तिला रमवायच्या मागे लागतो. ऑस्ट्रियातला पिरामिडेनकोगेल मनोरा १०० मीटरचा आहे, लाकूडकाम देखणं, पण त्यात १२० मीटरची घसरगुंडी आहे. किंकाळ्या ऐकत कसला निसर्ग? पुढे काचेचा कठडा येतो. काचेत आभाळाचं प्रतिबिंब पडतं आणि पाखरं त्यावर येऊन आपटतात. मग रात्रीची रोषणाई, म्हणजे कीटकांचाही निकाल.

अर्धीवाट
काच आणि दिव्यांबद्दल शंभर टक्के. पण लपणात चार माणसं मावतात, बाकीची कुठे जाणार? पायवाटा सोडून रानात घुसतील, मुळांवरची माती तुडवून दगडासारखी करतील. उचललेली वाट निदान पाय जमिनीपासून दूर ठेवते. एका वेळी किती जणांना सोडायचं हे ठरवा आणि कडकपणे पाळा.

चाकांवरून, कठड्याची गोष्ट माझ्या डोक्यात कधी आलीच नव्हती. पट्टी बारीक करून खाली जाळी लावली तर चालेल?

चाकांवरून
बारीक तारेची असेल तर चालेल. जाड चौकोनी नको, तुरुंगातून बघितल्यासारखं होतं.

घारीची नजर
माझी गच्ची मी सोडत नाही. पण मार्स्कची एक गोष्ट तुम्ही उचला, अर्धीवाट: चढायची वाट वेगळी, उतरायची वेगळी. समोरून कुणी येत नाही, त्यामुळे कडेला थांबलं तरी खोळंबा होत नाही. तुमच्या थांब्यांना हे लागेलच.

अर्धीवाट
घेतलं. आणि पायाखाली जाळीऐवजी लाकडी फळ्या. यावर तरी सगळ्यांचं एकमत?

नटबोल्ट
पावसात शेवाळ धरून निसरड्या होतात. आईला पुन्हा घेऊन जायचंय मला.